तान्ह्या बाळाचं फुटबॉल तिकीट: गेटवर अडकायचं नसेल तर हिशोब असा करा

आमची मुलगी ११ महिन्यांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा स्टेडियममध्ये नेलं. कॅरिअरमध्ये ती माझ्या छातीशी गाढ झोपली होती. एक मोजा रांगेतच कुठेतरी गळून पडला होता. आम्हा दोघांची तिकिटं फोनवर तयार होती. गेटवरच्या कर्मचाऱ्याने ती पाहिली, मग कॅरिअरमधून लोंबणाऱ्या त्या उघड्या पायाकडे बघत विचारलं, "बाळाचं तिकीट?" मी म्हटलं, "एवढ्या लहान मुलांना फ्री आहे ना?" तो म्हणाला, "फ्री आहे. पण तिकीट लागतं."

तो उद्धट बोलला नाही आणि चुकीचंही सांगत नव्हता. पण तिकीट खिडकी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि तिथे आमच्यासारख्यांचीच रांग लागलेली. किंमत शून्य छापलेला तो कागद हातात पडेपर्यंत मॅचची २० मिनिटं उलटून गेली होती. पहिला गोल आम्ही भिंतीपलीकडून नुसता ऐकला. त्या गजराने मुलगी दचकून उठली ती हाफटाइमपर्यंत रडत होती.

त्यानंतर दोन मुलांना घेऊन आम्ही बऱ्याच मॅच पाहिल्या, वेगवेगळ्या मैदानांवर. दर वेळी बुकिंगआधी जे तपासते ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच बाळाला नेणाऱ्या आईवडिलांना ते थेट उपयोगी पडेल.

पायरी १: तीन प्रश्न वेगळे करा

"मुलांना तिकीट किती?" हा आपण विचारतो तो प्रश्न खरं तर तीन प्रश्नांचं गाठोडं आहे. बाळाला तिकीट लागतं का? बाळाला स्वतःची सीट मिळते का? आणि त्याचे पैसे किती? एकाचं उत्तर कळलं म्हणून दुसऱ्याचं कळत नाही.

काही मैदानांवर, विशेषतः खालच्या डिव्हिजनच्या छोट्या क्लबांकडे, कडेवरच्या मुलाकडे कुणी तिकीट मागतच नाही. काही ठिकाणी तिकीट लागतं, पण सीट मिळत नाही; मूल मांडीवर घेऊन बसायचं आणि तिकीट मोफत किंवा नाममात्र किमतीचं. जर्मनीत तर या प्रकाराला नावच आहे, शोसकार्टे, म्हणजे मांडीचं तिकीट. काही ठिकाणी तान्ह्या बाळालाही सीटसकट सवलतीचं तिकीट घ्यावं लागतं. आणि मोठ्या स्पर्धांमध्ये नियम सर्वांत कडक असतो: २०१८ च्या रशियातल्या आणि २०२२ च्या कतारमधल्या वर्ल्ड कपला वय कितीही असो, प्रत्येकाला स्वतःचं तिकीट लागत होतं. वर्ल्ड कपचं तिकीट म्हणजे घरातल्या सगळ्यांत मोठ्या खर्चांपैकी एक. तिथे "बाळ काय, मांडीवर बसेल" असं गृहीत धरून दोनच तिकिटं काढली तर परदेशातल्या गेटवर उभं राहून रडायची वेळ येते.

विमानाचा नियम डोक्यातून काढून टाका. २ वर्षांखालचं मूल मांडीवर, हे विमानप्रवासात इतकं सवयीचं झालंय की लोक स्टेडियमलाही तोच नियम लावतात. फुटबॉलमध्ये असा एकच आकडा नाही. कुठे २, कुठे ३, कुठे ५ वर्षं, आणि एकाच शहरातल्या दोन क्लबांचे नियम वेगळे असू शकतात. इतकंच काय, एकाच स्टेडियममध्ये लीगच्या मॅचला क्लबचा नियम आणि आंतरराष्ट्रीय मॅचला आयोजकांचा नियम लागतो. म्हणून मागच्या वेळी चाललं होतं, हा पुरावा धरू नका.

काही क्लब एका ठराविक वयाखालच्या मुलांना घेतच नाहीत, किंवा आणू नका अशी स्पष्ट शिफारस करतात. हेही याच टप्प्यावर बघायचं. पैसे भरल्यावर कळलं तर उपयोग नाही.

मोफत, तर मग तिकीट कशाला?

हा प्रश्न मला त्या दिवशी गेटवर पडला होता आणि त्याचं उत्तर कळल्यापासून मी कुणाशी वाद घातलेला नाही.

इंग्लंडमध्ये एके काळी वडील पोराला उचलून फिरत्या गेटवरून पलीकडे ठेवायचे. पैसे एकाचे, आत दोघं. सगळ्यांना ते गोड वाटायचं. पण त्यामुळे आत नक्की किती माणसं आहेत हे कुणालाच ठाऊक नसायचं. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९७५ साली क्रीडांगण सुरक्षेचा कायदा आला आणि मोठ्या स्टेडियमना किती माणसं घेता येतील याचं प्रमाणपत्र बंधनकारक झालं. तरीही १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीची भीषण दुर्घटना घडली. तिच्या बळींचा आकडा आज ९७ आहे आणि त्यातला सर्वांत लहान मुलगा १० वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या तिच्या चौकशीच्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांत फक्त बसूनच मॅच पाहायची व्यवस्था करा असं सुचवलं. एक माणूस, एक सीट, एक तिकीट ही पद्धत तिथून घट्ट झाली.

आग लागली, स्टँड रिकामा करायचा झाला, तर आत किती जीव आहेत हे नियंत्रण कक्षाला कळायला हवं. कॅरिअरमधलं बाळही त्या संख्येत धरलेलं असतं. शून्य किमतीचं तिकीट हा त्या मोजणीचा कागद आहे, आणि मला तो मागितला गेला याचं आज बरंच वाटतं.

पायरी २: वयाचा नियम शब्दशः वाचा

इथे सर्वांत जास्त पैसे उगाच जातात.

"५ वर्षांखालील" म्हणजे पाचवा वाढदिवस अजून झालेला नाही असं मूल. "५ वर्षांपर्यंत" म्हटलं की काही ठिकाणी पाच पूर्ण झालेलं मूलही बसतं, काही ठिकाणी नाही. "अंडर-१६" म्हणजे पंधरा वर्षं आणि वरचे महिने चालतात, सोळाव्या वाढदिवसापासून नाही. शंका असेल तर विचारा, अंदाज करू नका.

वयापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वय कोणत्या तारखेला मोजतात. साधारण दोन पद्धती आहेत. एकीत मॅचच्या दिवशीचं वय धरतात. दुसरीत सीझन सुरू होतानाची एखादी ठराविक तारीख धरतात आणि ते वय पूर्ण सीझनभर चालतं. युरोपातल्या मोठ्या लीगचा सीझन साधारण ऑगस्ट ते मे असा चालतो. समजा मुलाचा वाढदिवस २० ऑक्टोबरला आहे आणि ते तीन पूर्ण करणार आहे. क्लबचा नियम "३ वर्षांखालील मोफत". मॅचच्या दिवशीचं वय धरणाऱ्या क्लबमध्ये २० ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या मॅचना पैसे पडतील. सीझनच्या सुरुवातीची तारीख धरणाऱ्या क्लबमध्ये तेच मूल मे महिन्यापर्यंत मोफत. सुट्या तिकिटांना सहसा पहिली पद्धत आणि सीझन तिकिटाला (घरच्या मैदानावरच्या सीझनभराच्या मॅचचं एकच तिकीट) दुसरी, असं एकाच क्लबमध्येही दिसतं.

बुकिंग चार महिने आधी करत असाल तर लक्षात ठेवा, बुकिंगच्या दिवशीचं वय जवळजवळ कुठेच धरत नाहीत.

वयाचा पुरावा फोनमध्ये ठेवा: पासपोर्टचं पहिलं पान किंवा जन्मदाखल्याचा फोटो. अनेक स्टेडियममध्ये सवलतीचं तिकीट स्कॅन झालं की गेटवर वेगळ्या रंगाचा दिवा लागतो आणि बाजूला उभा असलेला स्टुअर्ड, म्हणजे मैदानाचा कर्मचारी, समोरची व्यक्ती खरंच त्या वयाची आहे का ते बघतो. तान्ह्या बाळाबद्दल कुणी शंका घेत नाही, पण चार वर्षांचं उंच मूल सहा-सात वर्षांचं दिसतं. आमच्या मुलाच्या बाबतीत हे दोनदा झालं. दोन्ही वेळा फोटो दाखवला आणि दहा सेकंदांत आत गेलो.

पायरी ३: आधी स्टँड, मग किंमत

मुलाचं तिकीट किती, हे पुष्कळदा मुलाच्या वयापेक्षा तुम्ही कुठे बसता यावर ठरतं. बऱ्याच स्टेडियममध्ये मधल्या रेषेजवळच्या महागड्या सीटना मुलांची सवलतच नसते. चार वर्षांचं मूल असो नाहीतर चाळिशीतला माणूस, सीटचे पैसे तेवढेच. उलट फॅमिली स्टँडमध्ये मुलांचं तिकीट तर स्वस्त असतंच, सोबतच्या मोठ्यांनाही पुष्कळदा कमी पडतं. कुटुंबांसाठी अशी वेगळी जागा राखण्यात इंग्लंडमधला वॉटफर्ड क्लब सुरुवातीच्या क्लबांपैकी एक, १९८० च्या दशकात. आता बहुतेक मोठ्या मैदानांत ती असते.

आकड्यांत बघू. मोठ्या माणसाचं मुख्य स्टँडचं तिकीट १०० धरा. दोन मोठे आणि चार वर्षांचं एक मूल, सवलत नाही: एकूण ३००. आता फॅमिली स्टँड: मोठ्यांना ८० आणि मुलाला २० पडले तर एकूण १८०. मैदान कोपऱ्यातून दिसेल, पण चार वर्षांच्या मुलाला कोपरा आणि मधली रेषा यांत फरक कळत नाही. त्याला समोरच्याच्या डोक्यापलीकडचं दिसतं का, एवढंच महत्त्वाचं असतं.

या हिशोबात तीन गोष्टी हळूच शिरतात, त्या आधीच धरा.

पहिली बुकिंग फी. ती ऑर्डरमागे आहे की तिकिटामागे, हे बघा. तिकिटामागे असेल तर शून्य किमतीच्या तिकिटावरही ती लागू शकते.

दुसरी मेंबरशिप. मागणी असलेल्या क्लबांत मेंबर नसलेल्याला तिकीटच मिळत नाही, आणि प्रत्येक तिकिटामागे एक मेंबर असा नियम असेल तर बाळालाही मेंबर करावं लागतं. वर्षातून एकच मॅच पाहायची असेल तर या फीने सगळी सवलत खाऊन टाकलेली असते. चार-पाच मॅच पाहणार असाल तर मात्र ज्युनिअर मेंबरशिप परवडते.

तिसरी अट मोठ्यांची. मुलाचं तिकीट एकटं विकत नाहीत, सोबत प्रौढ लागतो, आणि एका प्रौढामागे किती मुलं याला मर्यादा असते. दोन लहान मुलांना घेऊन एकटीच जाणार असाल तर हे नक्की विचारा. एक मूल मांडीवर आणि दुसरं सीटवर, हे काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही.

पायरी ४: कोणती मॅच?

पहिली मॅच डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या किंवा शेजारच्या जुन्या प्रतिस्पर्धी क्लबांची, नको. हे मी मनापासून सांगते, तुम्ही त्या क्लबचे कितीही कट्टर चाहते असलात तरी. डर्बीचं तिकीट सर्वांत महाग, गर्दी सर्वांत दाट, बंदोबस्त सर्वांत कडक, आणि मुलांच्या सवलती अशा मॅचना काही ठिकाणी बंद असतात. पुष्कळ क्लब मॅचची प्रतवारी करतात आणि तगडा प्रतिस्पर्धी असेल तेव्हा सगळेच दर चढतात.

बाळाला न्यायला चांगल्या मॅच म्हणजे कप स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या, सीझनपूर्व मैत्रीपूर्ण सामने, महिला संघाच्या मॅच आणि युवा संघाच्या मॅच. इथे दर कमी, सीट रिकाम्या, आणि मूल रडायला लागलं तर उठून मागे जाता येतं. इंग्लंडमध्ये अशा मॅचना क्लब "किड्स फॉर अ क्विड" योजना काढतात, एका पौंडात एक मूल. स्टेडियम भरावं हा क्लबचा हेतू, आपली सोय होते. अशा योजना क्लबच्या ईमेल यादीवर आधी येतात, म्हणून मेंबर नसलात तरी यादीत नाव घालून ठेवा.

मुलांना मोफत सोडल्याने मैदान कसं बदलतं याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. तुर्कस्तानात प्रेक्षकांच्या गैरवर्तनाची शिक्षा म्हणून रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच खेळवायची पद्धत होती; तिथल्या फुटबॉल फेडरेशनने नियम बदलला आणि २० सप्टेंबर २०११ ला इस्तंबूलमध्ये फेनरबाहचे क्लबच्या मॅचला फक्त महिला आणि १२ वर्षांखालची मुलं मोफत आत आली. ४१,००० हून जास्त. जून २०२२ मध्ये बुडापेस्टला हंगेरी आणि इंग्लंड यांची मॅचही शिक्षेमुळे बंद दाराआड व्हायची होती, पण युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, नियमात १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना, दर १० मुलांमागे एक प्रौढ या प्रमाणात, मोफत येऊ देण्याची मुभा आहे. सुमारे ३०,००० प्रेक्षक जमले, बहुतेक मुलं.

अवे मॅचबद्दल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या मॅचबद्दल, थोडंसं. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमध्ये २०१६-१७ पासून पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्यांना ती स्वस्त वाटते आणि मुलांनाही घेऊन जावंसं वाटतं. पण पाहुण्यांच्या भागात लोक पूर्ण ९० मिनिटं उभे असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला पाठींशिवाय काही दिसत नाही आणि ते फोल्डिंग सीटवर चढून उभं राहतं. ती सीट पायाखाली मिटते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिथे नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. उभं राहून पाहायच्या इतर भागांनाही हेच लागू.

पायरी ५: बुकिंग करताना

सगळी तिकिटं एकाच ऑर्डरमध्ये काढा. आधी मोठ्यांची आणि "बाळाचं नंतर बघू" असं केलं की शेजारची सीट जाते. मांडीचं तिकीट ऑनलाइन यादीत पुष्कळदा दिसत नाही. ते फोन करून किंवा खिडकीवरून मोठ्याच्या तिकिटाला जोडून घ्यावं लागतं. हे काम मॅचच्या किमान आठवडाभर आधी उरका. मॅचच्या दिवशी खिडकीवर काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

सीट निवडताना कडेची घ्या, म्हणजे डायपरसाठी उठताना दहा जणांना उठवावं लागत नाही. गोलच्या मागच्या खालच्या रांगा टाळा. खेळापेक्षा सरावाच्या वेळी तिथे चेंडू जास्त जोरात येतात आणि त्या वेळी सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असतं. सर्वांत वरच्या मजल्यावरचे जिने उभे असतात, बाळ कडेवर आणि बॅग खांद्यावर घेऊन उतरताना हात मोकळा राहत नाही. खालच्या मजल्याच्या मागच्या रांगा सर्वांत सोयीच्या: डोक्यावर छत, मागे लगेच बाहेर जायचा रस्ता.

तिकीट क्लबकडूनच किंवा क्लबच्या अधिकृत पुनर्विक्रीतूनच घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय बाहेरून घेतलेलं तिकीट मोठ्याचं आहे की सवलतीचं, हे गेटवर दिवा लागेपर्यंत कळत नाही. मुलाच्या तिकिटावर मोठ्याने जायचा प्रयत्न करू नका. फरक भरून ते बदलून घेता येतं, पण आधी. आणि मूल आजारी पडलं तर त्याचं तिकीट परत घेतात का, हेही विचारून ठेवा. दोन वर्षांचं मूल मॅचच्या आदल्या रात्री तापाने फणफणणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

पायरी ६: सीझन तिकिटाचा मोह

मुलांचं सीझन तिकीट फार स्वस्त दिसतं. भागाकार करून बघा. २० संघांच्या लीगमध्ये घरच्या १९ मॅच होतात, १८ संघांच्या लीगमध्ये १७. मुलाचं सुटं तिकीट २० आणि सीझन तिकीट २०० असेल तर १० मॅचना गेलं तरच बरोबरी होते. आता प्रामाणिकपणे मोजा: थंडीतल्या रात्रीच्या मॅच, सर्दी-खोकला, प्रवास. दोन-तीन वर्षांचं मूल १९ पैकी ७-८ मॅचना जातं, हा आमचा अनुभव. पाच-सहा वर्षांपासून सीझन तिकिटाला अर्थ येतो.

एक अडचण कुणीच आधी सांगत नाही. तुमची स्वतःची सीझन तिकिटं आहेत आणि बाळ मांडीच्या तिकिटावर मजेत चाललंय. एक दिवस ते त्या वयाच्या बाहेर जातं आणि त्याला सीट लागते, पण तुमच्या दोन्ही बाजूंच्या सीटवर वर्षानुवर्षं दुसरेच लोक बसत आलेले असतात. मग तिघांना मिळून दुसरीकडे हलावं लागतं, आणि जागा बदलायची मुदत नूतनीकरणाच्या वेळीच, काही दिवसांपुरती असते. म्हणून मूल दीड-दोन वर्षांचं झालं की पुढच्या सीझनसाठी तीन सलग सीट मागून ठेवा. फॅमिली स्टँडमध्ये त्या आधी संपतात.

पायरी ७: कान

तिकिटाच्या हिशोबात हा खर्च मी सक्तीचा धरते.

कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसांसाठी ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही मर्यादा मानतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्म्याने कमी होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. भरलेल्या स्टेडियममध्ये गोल झाला की आवाज १०० च्या वर सहज जातो. मार्च २०११ मध्ये इस्तंबूलला गलतासरायच्या चाहत्यांनी १३१.७६ डेसिबलची विक्रमी नोंद केली होती. बाळाच्या कानाची नळी छोटी असते, त्यामुळे तोच आवाज त्याच्या कानात जास्त जोराने पोचतो, आणि कान दुखतोय हे त्याला सांगता येत नाही.

कापूस पुरत नाही. कानात घालायचे छोटे प्लग बाळाला नकोत, ते तोंडात जातात. डोक्यावरून मऊ पट्टा येणारे लहान मुलांचे इअरमफ घ्या. खोक्यावर आवाज किती डेसिबलने कमी होतो तो आकडा आणि कोणत्या वयासाठी आहेत ते छापलेलं असतं. आणि ते मॅचच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आठवडाभर आधी रोज दहा मिनिटं, खेळताना घाला. आमच्या मुलीने पहिल्या दिवशी ते चार वेळा ओढून काढले, पाचव्या दिवशी घालूनच झोपली.

सहा महिन्यांखालच्या बाळाला भरलेल्या मोठ्या स्टेडियममध्ये मी नेणार नाही, तिकीट मोफत असलं तरी.

पायरी ८: मॅचचा दिवस

बॅगेचा आकार आधी बघा. बऱ्याच स्टेडियममध्ये ठराविक मापापेक्षा मोठी बॅग चालत नाही, काही ठिकाणी पारदर्शकच लागते. बाळाच्या सामानाला सूट असेल तर ती कोणत्या गेटवर, हेही विचारा, कारण ती पुष्कळदा एकाच गेटवर मिळते. बाबागाडी सीटपर्यंत नेता येत नाही. ती ठेवायची सोय नसेल तर घरीच ठेवा आणि कॅरिअर वापरा.

किक-ऑफच्या तासभर आधी पोचा. तिकिटं मोबाइलवर असतील तर घरूनच वॉलेटमध्ये उतरवून घ्या. स्टेडियमबाहेर नेट चालत नाही आणि स्क्रीनशॉट अनेक ठिकाणी स्कॅन होत नाही. गेटमधून जाताना आधी एक मोठा, मग मुलं, शेवटी दुसरा मोठा. सगळी तिकिटं एकाच फोनवर असतील तर फोनवाल्याने शेवटी जायचं, एकेक तिकीट स्कॅन करत. याचा उलटा क्रम झाला की मूल आत आणि आई बाहेर अशी गत होते.

चालणाऱ्या मुलाच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहा आणि घरातून निघताना त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. दूध किंवा खाणं किक-ऑफला सुरू करा, म्हणजे पहिला गलका त्यात निघून जातो. हाफटाइम १५ मिनिटांचा असतो आणि डायपर बदलायच्या जागेपुढे तेव्हाच रांग लागते, म्हणून ४० व्या मिनिटाला उठा. शेवटी एकतर पाच मिनिटं आधी निघा, नाहीतर शिट्टीनंतर पंधरा मिनिटं बसून राहा. मधल्या लोंढ्यात शिरू नका.

क्लबला पाठवायचा मेसेज

मी दर नव्या स्टेडियमला बुकिंगआधी हे विचारते. तारीख आणि वय बदलून, त्या क्लबच्या भाषेत तसंच्या तसं पाठवा:

"अमुक तारखेच्या मॅचला आम्ही दोन मोठे आणि दोन मुलं येणार आहोत. मॅचच्या दिवशी एकाचं वय १४ महिने, दुसऱ्याचं ४ वर्षं असेल. (१) दोघांनाही तिकीट लागेल का? (२) लहान्याला मांडीवर घेता येईल का, की सीट घ्यावी लागेल? (३) वय कोणत्या तारखेचं धरता? (४) मुलांची सवलत कोणत्या स्टँडमध्ये आहे आणि या मॅचला ती लागू आहे का? (५) मांडीचं तिकीट कुठून घ्यायचं, त्यावर बुकिंग फी किंवा मेंबरशिप लागते का? (६) बाळाच्या बॅगेसाठी कोणतं गेट?"

लेखी उत्तर मागा, फोनवरचं नको. आलेला ईमेल तिकिटांच्या शेजारीच फोनमध्ये ठेवा. मागच्या सीझनला एका गेटवर नवीन कर्मचारी होता, त्याला मांडीच्या तिकिटाचा नियम माहीत नव्हता. मी ईमेल उघडून दाखवला, त्याने वरिष्ठाला हाक मारली, आणि किक-ऑफला अजून ३५ मिनिटं असताना आम्ही चौघं सीटवर होतो.